ड्रेस्डेनच्या नॉयश्टाटमध्ये शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवारची सकाळ

ड्रेस्डेनला येणारा पाहुणा बहुधा एल्ब नदीच्या दक्षिण काठावरच अडकतो. फ्राउएनकिर्शे चर्च, झ्विंगर राजवाडा, ऑपेरा, सगळं तिथं एकमेकांना खेटून आहे. दिवसभर माना वर करून बघायचं, फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवशी प्रागची गाडी पकडायची. नदीपलीकडे पायी अर्ध्या तासावर आउसेरे नॉयश्टाट (शब्दशः ‘बाहेरचं नवं शहर’) नावाची वस्ती आहे, ती राहून जाते. नाहीतर भलत्याच वेळी बघितली जाते.

माझं दुसरं झालं. पहिल्यांदा गेलो तो रविवारी सकाळी साडेनऊला. दुकानं बंद, रस्त्यावर फुटक्या बाटल्यांच्या काचा, एका पायरीवर गिटार पोटाशी धरून झोपलेला मुलगा, आणि खिशात फक्त कार्ड. एकमेव उघड्या कॅफेत रोख पैसेच चालत होते. अर्ध्या तासात मी परत नदीच्या अलीकडे आलो आणि पुढचे दोन महिने ‘त्यात काय आहे एवढं’ असं सगळ्यांना सांगत फिरलो. मग एका शुक्रवारी संध्याकाळी मित्रानं ओढत नेलं, तेव्हा कळलं की चूक वस्तीची नव्हती, माझ्या घड्याळाची होती.

ही वस्ती दोनदा बघावी लागते, एकदा संध्याकाळी आणि एकदा दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री बिअरच्या बाटल्या घेऊन लोक ज्या फुटपाथवर बसतात, त्याच फुटपाथवरून सकाळी आया बाबागाड्या ढकलत जातात. यातली एकच बाजू बघून गेलात तर अर्धी वस्तीच बघितलीत. म्हणून खालची सगळी आखणी त्या दोन वेळांभोवती केली आहे.

आधी थोडा इतिहास

घाई असेल तर हा भाग सोडून द्या. पण तिथल्या भिंती अशा का दिसतात, तो प्रश्न पडणारच.

‘नवं शहर’ हे नाव फसवं आहे. नदीच्या या काठावर आल्टेनड्रेस्डेन, म्हणजे जुनं ड्रेस्डेन, नावाचं गाव होतं. ते १६८५ च्या आगीत जळलं, नव्यानं बांधलं, म्हणून ते ‘नवं’ झालं. आपण जातोय ती वस्ती त्याच्याही बाहेरची, तटापलीकडच्या वाळूवर वाढलेली. १८३५ मध्ये ती शहरात आली तेव्हा अँटोन राजाच्या नावावरून तिला अँटोनश्टाट म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथं चार-पाच मजली घरांची दाटी झाली. रस्त्याच्या बाजूला देखणं दर्शनी घर, त्यामागे चौक, चौकात कारागिरांची कामं आणि पुन्हा मागचं घर. आपल्या वाड्यांसारखंच, एका चौकातून दुसऱ्या चौकात.

फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बफेकीत आल्टश्टाट, म्हणजे दक्षिण काठावरचं जुनं शहर, बेचिराख झालं. ही वस्ती मात्र बरीचशी वाचली. मग पूर्व जर्मनीच्या चाळीस वर्षांत तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. सरकारचा सगळा जोर गावाबाहेरच्या नव्या काँक्रीटच्या वसाहतींवर होता. इथली छपरं गळत होती, कोळशाच्या शेगड्या पेटत होत्या, संडास जिन्याच्या मधल्या टप्प्यावर होते. घरं रिकामी पडत गेली आणि पाडायची यादी तयार होऊ लागली. त्या रिकाम्या घरांत विद्यार्थी, चित्रकार, गाणारे-वाजवणारे आणि सरकारशी न पटणारे लोक परवानगी न घेता गुपचूप राहायला लागले. १९८९ मध्ये रहिवाशांनी पाडकामाविरुद्ध संघटना उभी केली. त्याच शरद ऋतूत बर्लिनची भिंत पडली, आणि पाडणारं सरकारच उरलं नाही. आज जी रंगीत, महागडी आणि फोटोजोगी घरं दिसतात, ती दुर्लक्षामुळे वाचलेली आहेत.

जाता जाता एक गंमत. ‘बोहेमियन’ हा शब्द ज्या बोहेमियावरून आला, तो प्रांत इथून एल्बच्या वरच्या अंगाला, सीमेपलीकडे चेक देशात आहे. फ्रेंचांना वाटायचं की रोमा लोक बोहेमियातून आले. म्हणून रोमांना ‘बोहेमियां’ म्हणू लागले, आणि पुढे अंगावर धड कपडे नसलेल्या कलावंतांनाही तेच नाव चिकटलं. युरोपातल्या अनेक शहरांत बोहेमियन म्हणवणाऱ्या वस्त्या आहेत. नॉयश्टाटमध्ये मात्र ब्योमिशे श्ट्रासे, म्हणजे शब्दशः ‘बोहेमियाचा रस्ता’ नावाची खरीखुरी गल्ली आहे.

वार आणि महिना

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास पोचायचं आणि शनिवारी दुपारपर्यंत राहायचं. शनिवार-रविवार का नको? जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. बेकरी, कॅफे, स्टेशनातली दुकानं सोडली तर काही मिळत नाही. शनिवारी सकाळी सगळं उघडं असतं आणि रस्त्यांवर तिथलीच माणसं असतात.

महिना म्हणाल तर मे ते सप्टेंबर. जूनमध्ये नऊ वाजून गेले तरी उजेड असतो आणि आख्खी वस्ती घराबाहेर असते. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. तेव्हा सगळं आयुष्य खिडक्यांच्या आत जातं, आणि आत कुणाची ओळख नसेल तर तुम्ही नुसते गार पडलेले रस्ते तुडवता. माझ्या मते हिवाळ्यात ड्रेस्डेन नाताळच्या बाजारांसाठी करावं आणि नॉयश्टाट उन्हाळ्यासाठी ठेवावं.

जूनच्या मध्यावर ‘बुंटे रेपुब्लिक नॉयश्टाट’ म्हणजे ‘नॉयश्टाटचं रंगीबेरंगी प्रजासत्ताक’ नावाचा उत्सव भरतो. जून १९९० मध्ये, पूर्व जर्मनीचं चलन जायला आठवडा राहिला असताना, या लोकांनी थट्टेत स्वतःचा देश जाहीर केला होता. स्वतःचं मंत्रिमंडळ, स्वतःच्या नोटा, झेंड्यावर पूर्व जर्मनीच्या बोधचिन्हाच्या जागी मिकी माऊस, आणि सगळ्यांच्या वर एक ‘बिनखात्याचा राजा’. तो देश १९९३ पर्यंत टिकला, जत्रा अजून चालू आहे. जायचं तर जा, गर्दीची तयारी ठेवून जा. पहिलीच भेट असेल तर मी ते दिवस टाळायला सांगेन. पंढरपूर पहिल्यांदा बघायचं तर आषाढीला जाऊ नये, तसंच.

पोचायचं कसं

ड्रेस्डेनला दोन मोठी स्टेशनं आहेत. मुख्य स्टेशन, म्हणजे हाउप्टबानहोफ, आल्टश्टाटच्या बाजूला आहे. आपल्याला हवं आहे ड्रेस्डेन-नॉयश्टाट. लाइपझिगकडून येणाऱ्या गाड्या बहुधा इथं थांबतात. बर्लिनहून प्रागला जाणारी गाडी घेतलीत तर मुख्य स्टेशनला उतरून लोकल किंवा ट्राम पकडा. बर्लिनपासून सुमारे दोन तास लागतात. नॉयश्टाट स्टेशनच्या हॉलमध्ये माइसनच्या चिनी मातीच्या फरशांचं एक मोठं भित्तिचित्र आहे. लोक त्याच्याखालून बॅगा ओढत निघून जातात. तुम्ही दोन मिनिटं थांबा.

स्टेशनपासून अँटोनश्ट्रासेनं सरळ चालत दहा मिनिटांत अल्बर्टप्लात्स येतो. वस्तीचं दार म्हणजे हा चौक.

आल्टश्टाटमधून येत असाल तर ट्राम विसरा आणि चाला. आउगुस्टुस पुलावरून नदी ओलांडली की सोन्याच्या घोडेस्वाराचा पुतळा लागतो, तो राजा आउगुस्ट. तिथून हाउप्टश्ट्रासे हा झाडांचा पादचारी रस्ता थेट अल्बर्टप्लात्सला जातो. दोन्ही बाजूंची काही घरं पूर्व जर्मनीच्या ठोकळ्यासारख्या धाटणीची आहेत, त्यांना नाकं मुरडू नका. सावली मात्र झकास आहे. जुन्या नकाशांवर किंवा पुस्तकांवर विसंबू नका. कारोला पुलाचा एक भाग ११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे नदीत कोसळला. त्यावरून जाणाऱ्या ट्रामचे मार्ग तेव्हापासून बदललेले आहेत.

तिकिटाचं. एका दिवसासाठी आला असाल तर ट्रामचं दिवसभराचं तिकीट घ्या. कागदी तिकीट असेल तर ट्राममधल्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर ते तिकीट खिशात असूनही विनातिकीट ठरतं आणि ६० युरो दंड होतो. जर्मनीत महिनाभर असाल तर डॉइचलांड टिकिट बघा. २०२६ च्या जानेवारीपासून ते महिन्याला ६३ युरोंना आहे, सगळ्या ट्राम, बस आणि प्रादेशिक गाड्यांना चालतं, जलद गाड्यांना चालत नाही. ते वर्गणीच्या रूपात मिळतं, आणि महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे जातात. आपली कितीतरी मंडळी परत पुण्याला पोचल्यावर बँकेचा मेसेज बघून जागी होतात.

राहण्यासाठी नॉयश्टाटमध्येच हॉस्टेलं आणि लहान हॉटेलं आहेत. गाढ झोप हवी असेल तर लुईझनश्ट्रासे, अलाउनश्ट्रासे आणि ग्योर्लित्सर श्ट्रासे यांच्यावर रस्त्याकडची खोली घेऊ नका. आरक्षण करताना ‘घरामागच्या, आतल्या चौकाकडची खोली’ असं सांगून मागा. शहराचा निवासकर वेगळा लागतो, तो भाड्यात धरला आहे का ते विचारा.

शुक्रवार: चार ते नऊ

सामान टाकलं की अल्बर्टप्लात्सला या. चौकात दोन कारंजी आहेत, रोबेर्ट डीत्स या शिल्पकाराची, १८९४ ची. एकाचं नाव ‘शांत पाणी’, दुसऱ्याचं ‘खवळलेल्या लाटा’. कुठलं कोणतं ते मूर्ती बघून ओळखता येतं.

चौकाच्या कडेला एका बंगल्याच्या भिंतीवर ब्राँझचा एक मुलगा बसलेला दिसेल. तो एरिश केस्टनर, मुलांसाठी लिहिणारा जर्मनीचा लाडका लेखक. १८९९ मध्ये त्याचा जन्म इथून जवळच क्योनिग्सब्र्यूकर श्ट्रासेवरच्या ६६ नंबरच्या घरात झाला. आईवडील त्याला घेऊन पुढे ४८ नंबरला आणि मग ३८ नंबरला आले, म्हणजे एकाच रस्त्यानं चौकाच्या जवळ जवळ सरकत. बंगला त्याच्या श्रीमंत मामाचा, घोड्यांच्या व्यापाऱ्याचा. भाचा या भिंतीवर बसून चौक बघत असे. आता बंगल्यात त्याच्यावरचं छोटं संग्रहालय आहे. १९३३ मध्ये नाझींनी बर्लिनमध्ये पुस्तकं जाळली, त्यात याचीही होती, आणि हा स्वतः गर्दीत उभा राहून ते बघत होता. जर्मन येत नसेल तर संग्रहालय सोडलं तरी चालेल, भिंत सोडू नका.

इथून अलाउनश्ट्रासे पकडा. तो वस्तीतून सरळ चढत उत्तरेच्या उद्यानापर्यंत जातो. पहिल्या फेरीत कुठल्याही दुकानात शिरू नका. भिंती, दारं आणि दारांच्या आतले बोळ बघत चला. दारावर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांचे थर बघा. हरवलेली मांजर, भाड्याची खोली, कुठलं तरी नाटक, कुणाच्या तरी विरोधातला मोर्चा. उजव्या हाताला ‘शॉयने’, म्हणजे ‘धान्याचं कोठार’, हे नाव असलेलं सांस्कृतिक केंद्र लागतं. १९५० च्या दशकात ते तरुणांचं क्लबघर होतं, नंतर पूर्व जर्मनीतल्या बंडखोर बँडांचं घर झालं. त्या रात्री तिथं काय आहे ते दारावर लिहिलेलं असतं.

पुढे ७० नंबरला कुन्स्टहोफ पासाजचं तोंड आहे, आणि इथं मात्र वेळ काढा. पाच चौक एकमेकांत उघडतात. मूलतत्त्वांच्या चौकात एक निळी भिंत आहे. तिच्यावर पावसाच्या पाण्याचे नळ सरळ खाली न उतरता वळणं घेत, नरसाळ्यांतून नरसाळ्यांत पडत उतरतात. आनेटे पाउल, क्रिस्टोफ रोसनर आणि आंद्रे टेम्पेल या तिघांनी ती केली. ते त्याच घरात राहायचे. ‘पाऊस पडला की भिंत गाते’ असं सगळीकडे वाचाल. मी भुरभुर पावसात अर्धा तास छत्री धरून उभा होतो. गाणं वगैरे नाही, मोरीतून पाणी जावं तसं गुळगुळ ऐकू आलं. मुसळधार पाऊस लागतो. तरी भिंत सुरेखच आहे. समोरच्या भिंतीवर सोनेरी पत्र्याच्या पट्ट्या वाऱ्यानं वाकल्यासारख्या लावल्या आहेत. प्राण्यांच्या चौकात हिरव्या भिंतीवर एक जिराफ मान लांब करून वर बघतोय आणि खिडक्यांभोवती माकडं आहेत.

हे चौक संग्रहालय नाहीत. वरच्या खिडक्यांत लोक राहतात, त्यांचे कपडे वाळतात. आवाज खाली ठेवा, जिन्यांत शिरू नका, खिडक्यांच्या आत कॅमेरा नेऊ नका. जर्मन कायद्यात माणसाचा त्याच्या छबीवर हक्क असतो. भिंतीचे फोटो हवे तेवढे काढा, समोर बसलेल्या माणसाचा काढायचा तर विचारा. मुलांचे तर काढूच नका.

कुन्स्टहोफच्या दुसऱ्या तोंडानं बाहेर पडलात की ग्योर्लित्सर श्ट्रासे. उजवीकडे वळून खाली आलं की वस्तीचा मधला कोपरा लागतो, जिथं ग्योर्लित्सर, लुईझन आणि रोटनबुर्गर हे रस्ते भेटतात. कागदोपत्री त्याला नाव नसेल, पण लोकांत आहे: ‘आस्सी-एक’, मराठीत सांगायचं तर टपोरी कोपरा. शिष्ट लोक ‘शीफे एके’, वाकडा कोपरा, म्हणतात.

कोपऱ्यावर बसण्याची रीत

उन्हाळ्यात शुक्रवारी आठनंतर या कोपऱ्यावर शेकडो लोक नुसते फुटपाथच्या कडेला बसलेले असतात. टेबल नाही, वेटर नाही. जवळच्या ‘श्पेटी’मधून, म्हणजे रात्री उशिरापर्यंत उघड्या असलेल्या पानटपरीवजा दुकानातून, बाटली घ्यायची आणि कडेला जागा धरायची. दारू नको असेल तर ‘माटे’ मागा. हे दक्षिण अमेरिकेतल्या वनस्पतीचं, चहासारखी तरतरी आणणारं थंड पेय जर्मन तरुणांत भलतंच चालतं.

मधून १३ नंबरची पिवळी ट्राम जाते. रुळांजवळ पाय पसरून बसू नका. चालक घंटा वाजवत मुंगीच्या पावलानं येतो, लोक उठतात, ट्राम जाते, लोक पुन्हा बसतात. दर दहा-पंधरा मिनिटांनी ही भरती-ओहोटी. मला अख्ख्या ड्रेस्डेनमध्ये यापेक्षा करमणुकीची गोष्ट सापडलेली नाही.

रिकामी बाटली कचऱ्यात टाकायची नाही. बिअरच्या काचेच्या बाटलीचे ८ सेंट अनामत असतात, प्लॅस्टिकच्या बाटलीचे आणि डब्याचे २५. दुकानात परत करा, नाहीतर कचरापेटीच्या शेजारी उभी करून ठेवा. त्या गोळा करून चार पैसे मिळवणारी माणसं फिरत असतात, त्यांना पेटीत हात घालावा लागू नये म्हणून ही पद्धत. बाटली फोडली तर तिथली माणसं खरोखर चिडतात. सकाळी त्या काचांवरून त्यांची मुलं सायकल चालवतात.

रात्री दहानंतर कायद्यानं शांततेची वेळ सुरू होते. कोपऱ्यावर ती कितपत पाळली जाते हा वस्तीतला वर्षानुवर्षांचा वाद आहे, वर राहणारे आणि खाली बसणारे यांच्यातला. पाहुण्यानं त्यात स्पीकर आणून भर घालू नये.

क्नाइपे: आत बसायचं असेल तर

क्नाइपे म्हणजे साधं, जुनं, बहुधा अंधारं मद्यगृह. मोकळं टेबल दिसलं तर बसा, पण टेबलावर ‘रेझर्व्हिएर्ट’ किंवा ‘श्टामटिश’ची पाटी असेल तर नाही. श्टामटिश नेहमीच्या मंडळींचं राखीव असतं, रिकामं दिसलं तरी. टेबल मोठं असेल आणि दोन खुर्च्या मोकळ्या असतील तर ‘इस्ट हिअर नोख फ्राय?’ असं विचारून अनोळखी लोकांशेजारी बसता येतं. काही लहान क्नाइपेंमध्ये आत सिगारेट ओढतात. दारावर लिहिलेलं असतं. त्रास होत असेल तर पुढे चला.

पैसे देताना ‘एकत्र की वेगवेगळे?’ असं विचारतात. इथं बिल वेगवेगळं देण्यात कसलाही कमीपणा नाही. आपल्यासारखी ‘मी देतो, मी देतो’ची झटापट बघून वेट्रेस गोंधळते. टीप टेबलावर ठेवून जायची पद्धत नाही. बिल १८ युरो ४० झालं तर पैसे देतानाच ‘वीस’ म्हणायचं. आणि सुरुवातीलाच विचारा, ‘कार्टे?’ मान नकारार्थी हलली तर रोखीशिवाय गत्यंतर नाही. चाळीस-पन्नास युरो सुटे जवळ असू द्या.

खाण्याचं फार सांगत नाही, कारण शाकाहारी माणसाची इथं चैन आहे. फलाफल, हलुमी, व्हिएतनामी, पिझ्झा, भारतीय, सगळं पावलापावलावर आहे. व्हिएतनामी खानावळी इतक्या का? पूर्व जर्मनीनं व्हिएतनामहून कंत्राटी कामगार आणले होते, त्यातले बरेच इथंच राहिले. ‘व्हेगान’ हा शब्द पाटीवर दिसला की निर्धास्त. जर्मन सूप मात्र विचारून घ्या. बटाट्याच्या सूपमध्ये डुकराच्या चरबीचे तुकडे निघतात, आणि ते ‘मांस’ आहे असं खानसाम्याला वाटतच नाही. गोडात आयरशेके नावाचा तीन थरांचा केक इथला. अंडं चालत असेल तर शनिवारी सकाळी बेकरीत घ्या.

परतताना: नदीपलीकडे राहत असाल तर मध्यरात्रीनंतर ट्राम चालतात, पण विरळ. रात्रीचे मार्ग पोस्टप्लात्स या चौकात एकमेकांना भेटतात, तिथं बदला.

रात्री, आणि आपल्या कातडीचा रंग

हे आडून सांगण्यात अर्थ नाही. झाक्सन (सॅक्सनी), म्हणजे ड्रेस्डेन ज्यात आहे त्या राज्याबद्दल, तिथल्या परदेशी लोकांवरच्या रागाबद्दल, तुम्ही वाचलं असेल. नॉयश्टाट हा राज्यातला डाव्या विचारांचा, मिश्र लोकांचा कोपरा आहे. मला इथं रात्री दोनला फिरतानाही त्रास झाला नाही. पण अल्बर्टप्लात्सच्या शेजारी योर्गे गोमोन्दाई प्लात्स आहे, तिथं थांबून पाटी वाचा. गोमोन्दाई पूर्व जर्मनीच्या काळात मोझांबिकहून कामगार म्हणून आला होता. १९९१ च्या ईस्टरच्या रात्री ट्राममध्ये वंशद्वेष्ट्या तरुणांनी त्याच्यावर हल्ला केला, तो धावत्या ट्राममधून बाहेर पडला आणि ६ एप्रिलला गेला. ही वस्ती त्याला विसरलेली नाही. तुम्हीही आंधळेपणानं निर्धास्त राहू नका. रिकामी ट्राम, दारू प्यायलेला घोळका दिसला तर चालकाजवळ बसा. पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिका आणि आगीसाठी ११२.

उद्यानाजवळ कुणी गांजा विकायला आला तर नको म्हणून पुढे चालायचं. १ एप्रिल २०२४ पासून जर्मनीत प्रौढांना थोडा गांजा जवळ ठेवायला परवानगी आहे. रस्त्यावर विकणं मात्र तेव्हाही गुन्हा होता, आजही आहे, आणि परवानाधारक क्लबांत पाहुण्यांना प्रवेश नाही.

शनिवार: नऊ ते एक

सकाळी नऊला त्याच टपोरी कोपऱ्यावर या. झाडूवाले येऊन गेलेले असतात. पुढे लाकडी पेटी लावलेल्या तीनचाकी सायकलींत दोन-दोन पोरं बसवून बाप बेकरीकडे निघालेले असतात. हे काल रात्रीचेच लोक असतील का, असा प्रश्न पडतो. काही नक्कीच तेच असतात.

न्याहारी करून मार्टिन लुथर चर्चच्या चौकात जा. चर्च १८८३ ते १८८७ मधलं, भोवती शांत घरं. तिथून जवळच पुल्सनित्सर श्ट्रासेवर १७५१ चं ज्यूंचं जुनं कब्रस्तान आहे, झाक्सनमधलं सर्वांत जुनं. कुलूप असतं आणि शनिवारी ज्यूंचा शब्बाथ, त्यामुळे आत जाता येणार नाही; फाटकातून झाडाखालचे कललेले दगड दिसतात. आत जायचंच असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी या, शेजारच्या हातिक्वा या संस्थेत विचारा. पुरुषांनी डोकं झाकायचं. चालताना फुटपाथमध्ये बसवलेले हाताच्या तळव्याएवढे पितळी चौकोन दिसले तर वाकून वाचा. नाझींनी त्या घरातून नेलेल्या माणसांची नावं आहेत ती.

मग बाउत्स्नर श्ट्रासेवर ७९ नंबरला फुंडची डेअरी. पाउल फुंड १८८० च्या सुमारास सहा गाई घेऊन ड्रेस्डेनमध्ये आला. शहरातलं दूध घाण असायचं, म्हणून याने गिऱ्हाइकांना काचेतून धार काढताना बघायची सोय केली. धंदा वाढला, आटवलेल्या दुधाचे डबे निघाले, आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं हे दुकान हातानं रंगवलेल्या फरशांनी जमिनीपासून छतापर्यंत मढवलं. १९९८ मध्ये ‘जगातलं सर्वांत सुंदर दूधदुकान’ म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. तेव्हापासून बसगाड्या भरून लोक येतात. म्हणून उघडताच जा. अकरानंतर आत खांद्याला खांदा लागतो. आत फोटोला बंदी आहे. चीज महाग वाटलं तर ताकाचा एक पेला घ्या आणि उभ्यानं प्या. आंबट, दाट आणि बिनमिठाचं. जिरेपूड मागू नका, मी मागून पाहिली आहे.

दुकानं बघायची तर यानंतर. जुन्या रेकॉर्ड, वापरलेले कपडे, हातानं शिवलेल्या पिशव्या. घासाघीस चालत नाही. खरेदीत रस नसेल तर अलाउनश्ट्रासेच्या वरच्या टोकाला अलाउनपार्कमध्ये गवतावर पडा. एके काळी इथं झाक्सनचं सैन्य कवायत करायचं, आता दोरीवर चालायची कवायत करणारे दिसतात.

हाताशी दीड तास जास्त असेल आणि मन घट्ट असेल तर ११ नंबरच्या ट्रामनं बाउत्स्नर श्ट्रासेवरच पुढे जा. तिथं ‘श्टासी’ या पूर्व जर्मन गुप्त पोलिसांची कोठडी आता स्मारक म्हणून खुली आहे. काल संध्याकाळी पाहिलेल्या शॉयनेतल्या पोरांवर जे पाळत ठेवत, त्यांची कचेरी ती हीच. हे ठिकाण शेवटी ठेवा, सुरुवातीला नको.

नाहीतर सरळ दक्षिणेला पंधरा मिनिटं चालत एल्बच्या कुरणावर उतरा. नदीकाठचा हा रुंद गवताचा पट्टा पुरासाठी मोकळा सोडलेला आहे. समोर आल्टश्टाटचे घुमट, आणि पाण्यावर चाकांच्या जुन्या वाफेच्या बोटी वरच्या दिशेनं, खऱ्या बोहेमियाकडे, निघालेल्या दिसतात. त्यात बसायचं मनात आलं तर आधी पाण्याची पातळी बघा. कोरड्या उन्हाळ्यात नदी उतरली की बोटी बंद पडतात. मग नॉयश्टाट स्टेशनवरून एस-१ लोकल पकडायची. ती नदीच्या कडेकडेनं चेक सीमेपर्यंत जाते, डॉइचलांड टिकिट तिला चालतं, आणि नदी दिसायला हवी असेल तर डाव्या हाताच्या खिडकीशी बसा.